दुसऱ्याच्या बोहल्यावर आमचे मत

फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे असतात, तुळशीवृंदावनाला गेरू लागायचा असतो, आणि घरोघर स्थळांची पाकिटे मात्र येऊ लागलेली असतात. दिवाळी आणि लग्नसराई यांच्यामध्ये आपल्याकडे अंतर ते किती! कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या मुहूर्तांनाही वाट मोकळी होते. तेव्हा दिवाळी अंकात लग्नाविषयी लिहायला बसले तर ते कोणाला अप्रस्तुत वाटू नये. वाटेल ते एवढ्यासाठीच, की मी ज्या लग्नांविषयी लिहिणार आहे ती दोन पुरुषांची किंवा दोन स्त्रियांची आहेत, आणि त्यांचा निकाल अमेरिकेतल्या कोर्टांत लागलेला आहे.

‘बाई, सणासुदीला हा विषय कशाला? अंक घरात मुलेबाळे वाचतात,’ असे कोणी वडीलधारे म्हणतील. त्यांना माझे नम्र उत्तर असे की, हा विषय घराचाच आहे. इस्पितळात आजाऱ्याच्या उशाशी कोणी बसायचे, घर कोणाच्या नावावर लागायचे, मृत्यूच्या दाखल्यावर मागे राहिलेल्याचे नाते काय लिहायचे, या साऱ्या घरगुती गोष्टी आहेत. शिवाय यात आणखी एक प्रश्न गुंतलेला आहे आणि तो मत देणाऱ्या प्रत्येक माणसाचा आहे. माझ्या एका मताने मी कोणकोणत्या गोष्टी ठरवू शकते, आणि कोणत्या गोष्टी ठरवण्याचा मला अधिकारच नाही? कायद्याची पदवी माझ्यापाशी नाही. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, उपजीविका मास्तरकीची, आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. पण लग्न आणि मत या दोन्ही गोष्टी वकिलांसाठी राखून ठेवलेल्या नाहीत, म्हणून हे धाडस.

हकीकत अशी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यात कायदा करण्याचा अधिकार विधिमंडळाप्रमाणे थेट मतदारांनाही आहे. पुरेशा सह्या जमवल्या की प्रस्ताव मतपत्रिकेवर छापून येतो, आणि बहुमत मिळाले की त्याचा कायदा होतो. मार्च २००० मध्ये याच मार्गाने तेथे ६१ टक्के मतांनी एक कायदा झाला. एक पुरुष आणि एक स्त्री यांच्या विवाहालाच राज्य मान्यता देईल, एवढेच त्यात म्हटले होते. मे २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो कायदा राज्याच्या घटनेशी विसंगत ठरवला. जूनपासून विवाह लागू लागले आणि पाचएक महिन्यांत सुमारे १८,००० जोडपी विवाहबद्ध झाली. तोवर विरोधकांनी सह्या जमवून थेट राज्यघटनाच बदलण्याचा प्रस्ताव आणला होता. ४ नोव्हेंबर २००८ रोजी तो ‘प्रस्ताव आठ’ संमत झाला. बाजूने सुमारे सत्तर लाख मते, म्हणजे ५२ टक्के. विरोधात चौसष्ट लाख.

त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर आणखी एक प्रस्ताव होता. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना पंख पसरता येतील एवढी तरी जागा पिंजऱ्यात मिळावी, अशी त्याची मागणी होती. तो ६३ टक्के मतांनी संमत झाला. कोंबड्यांच्या सुखाविषयी माझी काही तक्रार नाही. भूतदया आपल्याला संतांनीच शिकवली आहे. पण ज्या हातांनी कोंबडीचा पिंजरा रुंद केला, त्यांतल्याच कित्येक हातांनी शेजारच्या दोन बायकांच्या घराचा दरवाजा बंद केला, हे वाचून मी कितीतरी वेळ तो कागद हातात धरून बसले होते.

पुढे काय झाले? मे २००९ मध्ये त्याच राज्य न्यायालयाने सहा विरुद्ध एक मताने सांगितले की, मतदारांनी घटनादुरुस्ती रीतसर केली आहे, ती आम्ही मोडू शकत नाही. मात्र आधी लागलेले १८,००० विवाह कायम राहतील. म्हणजे न्याय कसा झाला पाहा. ज्यांनी दसऱ्याचा मुहूर्त धरला ते जन्माचे जोडीदार, आणि जे तुळशीच्या लग्नापर्यंत थांबले ते कायद्याच्या लेखी एकमेकांना परके!

मग प्रकरण अमेरिकेच्या संघीय न्यायालयात गेले. दोन जोडप्यांच्या वतीने जे दोन वकील उभे राहिले, थिओडोर ओल्सन आणि डेव्हिड बॉइज, ते २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या खटल्यात एकमेकांविरुद्ध लढले होते. एक उजव्या बाजूचा, एक डाव्या बाजूचा. न्यायाधीश वॉन वॉकर यांनी साक्षीपुरावा घेऊन ४ ऑगस्ट २०१० रोजी १३६ पानांचा निकाल दिला आणि प्रस्ताव आठ रद्द केला. अपिले झाली. राज्याचा गव्हर्नर आणि महाधिवक्ता बंदीच्या बचावाला उभे राहिलेच नाहीत; प्रस्तावाचे पुरस्कर्तेच ते वरपर्यंत लढले. जून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, या पुरस्कर्त्यांना अपील चालवण्याचा अधिकार नाही. वॉकर यांचा निकाल कायम राहिला आणि विवाह पुन्हा लागू लागले.

यावर तिकडे जो गहजब झाला त्याचा मथितार्थ एका वाक्यात सांगता येतो. सत्तर लाख लोकांनी दिलेला कौल एका न्यायाधीशाने खोडला, मग लोकशाही कुठे उरली?

वाचकहो, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि मी तो नेणारही नाही. मताची किंमत आपल्याला चांगली ठाऊक आहे. माझ्या आजीच्या पिढीच्या बायका १९५१-५२ च्या निवडणुकीत पहिल्यांदा मतदानाला गेल्या, तेव्हा त्यांतल्या कित्येकींना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. पण त्यांच्या मताचे वजन शेठसावकारांच्या मताइतकेच भरले. काळा झगा घातलेला, कोणी न निवडलेला एक माणूस उठतो आणि लाखोंचे मत बाजूला सारतो, हे ऐकून ज्याच्या कपाळावर आठी पडत नाही त्याला लोकशाहीचे महत्त्वच कळलेले नाही. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही आपली जुनी म्हण आहे. सत्तर लाख मुखांतून बोलला तो परमेश्वर नव्हता, असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही, वर्गात सापडले. एका वर्षी सहल कोठे न्यायची यावर मी मुलांचे मत घेतले. निम्म्याहून अधिक हात किल्ल्यासाठी वर झाले, समुद्राची बाजू पडली. समुद्रवाल्यांनी तोंडे वाकडी केली, पण निकाल मानला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक चलाख पोरगा उठला. ‘बाई, आता यावरही मत घ्या,’ तो म्हणाला, ‘की अमक्याने आमच्यात डबा खायला बसायचे नाही.’ आणि माझ्या डोळ्यांदेखत हात वर होऊ लागले. मी ते हात खाली घ्यायला लावले. पोरगा हुशार होता. त्याने विचारले, ‘बाई, मघाशी आमचे मत चालले, आता का नाही?’

प्रश्न बिनतोड होता, आणि त्याच्या उत्तरातच या साऱ्या वादाचे उत्तर आहे. किल्ल्यासाठी ज्याने हात वर केला त्याला स्वतः किल्ला चढायचा होता. ऊन लागले असते तर त्यालाही लागले असते, पाय दुखले असते तर त्याचेही दुखले असते. दुसऱ्या वेळी हात वर करणाऱ्याला काहीच सोसायचे नव्हते. त्याचा डबा, त्याची जागा, त्याचे सवंगडी, सारे जागच्या जागी राहणार होते. सोसायचे होते ते एकट्या त्या मुलाने, आणि त्याच्या एका हाताला चाळीस हातांपुढे किंमत नव्हती. पहिल्या मताला मी स्वराज्य म्हणते. दुसऱ्यात आपण आपल्यावर राज्य करीत नसतो, दुसऱ्यावर करीत असतो. हात वर होताना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून फसगत होते.

ही कसोटी प्रस्ताव आठला लावून पाहा. कर किती घ्यावा, रस्ता कोठून न्यावा, शाळा किती काढाव्यात, यावर मत देणारा कर भरतो, रस्त्याने चालतो, मुलाला शाळेत घालतो. पण ज्या सत्तर लाखांनी बंदीच्या बाजूने मत दिले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या संसारात त्यामुळे काय फरक पडणार होता? हा प्रश्न माझा नाही, न्यायाधीशांनीच तो विचारला होता. खटला उभा राहण्यापूर्वी, ऑक्टोबर २००९ मधल्या सुनावणीत, त्यांनी बंदीची बाजू मांडणाऱ्या वकिलाला विचारले की, दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी लग्न केले तर स्त्री-पुरुषांच्या लग्नाला नेमकी कोणती इजा पोहोचते? वकील नामांकित होता. त्याने उत्तर दिले, ‘मला ठाऊक नाही.’ पुढचे परिणाम आज कोणालाच सांगता येत नाहीत, असा त्याच्या पक्षाचा युक्तिवाद होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवते. परंतु शेजाऱ्याच्या लग्नाने माझ्या लग्नाचे काय बिघडते हे मला सांगता येत नसताना त्याचे लग्न मात्र मी रोखावे, हा कोणता न्याय?

झळ कोणाला लागते ते ओहायो राज्यात दिसले. तेथे २००४ साली सुमारे ६२ टक्के मतदारांनी अशीच बंदी राज्यघटनेत घातली होती. सिनसिनाटी शहरात जिम ओबरगेफेल आणि जॉन आर्थर हे दोघे वीसएक वर्षे एकत्र राहत होते. जॉनला स्नायू एकेक करून निकामी करणारा असाध्य आजार जडला; तो अंथरुणाला खिळला. आपल्या राज्यात लग्न लागणार नाही, म्हणून जुलै २०१३ मध्ये वैद्यकीय सोयींच्या छोट्या विमानातून त्याला मेरीलँड राज्यात नेले. तेथे विमानतळाच्या धावपट्टीवर, विमानातच, त्यांचे लग्न लागले आणि विमान परत फिरले. ना मंडप, ना वाजंत्री. ऑक्टोबरमध्ये जॉन वारला. या दोघांनी कोर्टाकडे मागितले होते काय? इस्टेट नाही, नुकसानभरपाई नाही. मृत्यूच्या दाखल्यावर जॉनला ‘अविवाहित’ लिहू नये आणि मागे राहिलेल्या जोडीदाराच्या रकान्यात जिमचे नाव असावे, एवढेच.

तिथल्या एका न्यायाधीशाने ही मागणी मान्य केली. राज्याने अपील केले, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. असे बदल न्यायाधीशांनी लादण्यापेक्षा लोकांनी लोकांची मने वळवून घडवून आणावेत, असा त्या निकालाचा सूर होता. ऐकायला हे किती समंजस वाटते! आपल्याकडचे सगळेच समंजस लोक असेच बोलत आले आहेत: हळूहळू होईल, घाई कशाला. मने वळायला वेळ लागतो हे मलाही ठाऊक आहे; तीस वर्षे शुद्धलेखन सुधारत नाही तिथे मने कुठली सुधारायला! पण जॉन आर्थरजवळ तीन महिने होते. ज्याला सोसायचे नाही त्याने, ज्याला सोसायचे आहे त्याला धीराचा उपदेश करावा, याइतके स्वस्त दुसरे काही नाही. अखेर २६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ओबरगेफेल यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याबरोबर देशभरातली बंदी उठली. सुमारे तीस राज्यांतल्या मतदारांनी वेळोवेळी तशी बंदी घातलेली होती.

‘पाच जणांनी चौघांविरुद्ध देशाचा निर्णय केला!’ ही ओरड लगेच उठली. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात म्हटले की, ज्यांना आनंद साजरा करायचा असेल त्यांनी तो खुशाल करावा, पण घटनेचा या आनंदाशी काही संबंध नाही. विद्वान माणसाचे मत आहे. पण त्याला इतिहासातूनच उत्तर मिळते.

१९५८ साली व्हर्जिनियाचा रिचर्ड लव्हिंग हा गोरा माणूस आणि कृष्णवर्णी वंशाची मिल्ड्रेड यांनी वॉशिंग्टनमध्ये जाऊन लग्न केले. परत आल्यावर काही आठवड्यांत पोलीस रात्री त्यांच्या निजण्याच्या खोलीत शिरले. एक वर्षाची शिक्षा झाली, आणि पंचवीस वर्षे राज्याबाहेर राहण्याच्या अटीवर ती स्थगित झाली. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असले कायदे रद्द केले. तेव्हा सोळा राज्यांत ते होते. लोकमत कोठे होते? पुढच्याच वर्षीच्या गॅलप पाहणीत गोऱ्याकाळ्यांच्या लग्नाला पसंती देणारे अमेरिकन शंभरात वीस होते. अलाबामा राज्याच्या घटनेतला तसा मनाईचा निर्जीव झालेला मजकूर मतदारांनी काढून टाकला तो २००० साली, आणि तेव्हाही शंभरातल्या चाळिसांनी तो राहू द्यावा असे मत दिले. लव्हिंग दांपत्याने मतदारांची मने वळण्याची वाट पाहिली असती, तर १९६७ पासून आणखी तेहेतीस वर्षे थांबावे लागले असते. रिचर्ड तर १९७५ सालीच गेला.

हे लग्नापुरतेच आहे असे कोणी समजू नये. माझ्या वाचक भगिनींसाठी स्वित्झर्लंडची गोष्ट सांगते. लोकांच्या थेट कौलाने कारभार चालवण्यात हा देश सगळ्या जगाचा गुरू. तेथे १९५९ साली बायकांना मताधिकार द्यावा की नाही यावर मत घेतले. मत अर्थातच पुरुषांचे! त्यांतल्या ६७ टक्के पुरुषांनी नको म्हटले. १९७१ साली देशाने मान्यता दिली, पण आपेनझेल इनररोडेन नावाच्या चिमुकल्या परगण्यात पुरुष चौकात जमून हात वर करून कारभार ठरवत, आणि तेथे बायकांना स्थानिक मत नव्हते. एप्रिल १९९० मध्ये पुन्हा विचारले. पुन्हा पुरुषांनी नकार दिला. शेवटी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, तेव्हा त्या बायकांना मत मिळाले. बहुमताचा कौल न्यायालयाने मोडला, असे इथे कोणी म्हणेल का? म्हणायचे तर तांत्रिकदृष्ट्या खरेच आहे. पण ज्यांना मतच नाही त्यांच्याबद्दल बाकीच्यांनी बहुमताने ठरवायचे, हे बहुमत कसले?

आणि इतके लांब तरी कशाला जायचे? महाडच्या नगरपालिकेने सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या करण्याचा ठराव १९२४ साली केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, आणि त्याच नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. गावच्या बहुसंख्यांचा कौल काय होता हे निराळे सांगायला नको. तो खटला दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, त्यांना पाणी घेता येईल. तळे कोर्टाने खुले केले, गावाने मतमोजणी करून नव्हे. हेच डॉ. आंबेडकर ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत घटनात्मक नीतीविषयी बोलले. ही नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे त्यांनी बजावले. सत्तर वर्षांनी, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खोडले, तेव्हा त्या निकालात हाच विचार आधाराला आला.

म्हणून मी न्यायालयांची आरती ओवाळते असा गैरसमज नसावा. न्यायाधीश चुकतात आणि त्यांच्या चुका मतदारांच्या चुकांपेक्षा अधिक काळ टिकतात. डिसेंबर २०१३ मध्ये आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने तेच कलम पुन्हा जिवंत केले होते; असे लोक लोकसंख्येचा अगदी अल्प अंश आहेत, हे त्याला एक कारण वाटले. पाहा गंमत! जे कोर्ट संख्येच्या पलीकडचे पाहण्यासाठी बसवले, तेही डोकी मोजू लागले की तितकेच चुकते. शिवाय न्यायाधीशाला आवर घालण्याचे उपाय लोकांजवळ आहेतच. आयोवा राज्यात एप्रिल २००९ मध्ये सात न्यायाधीशांनी एकमताने बंदी रद्द केली. तेथे न्यायाधीशांना ठरावीक काळाने मतदारांचा कौल घ्यावा लागतो. २०१० च्या नोव्हेंबरात त्यांतल्या तिघांना मतदारांनी घरी पाठवले. मला त्या तिघांविषयी आदर आहे आणि त्या मतदारांविषयी तक्रार नाही. न्यायाधीश ठेवावा की काढावा हा सगळ्यांचा सामाईक प्रश्न होता. पण निकाल उभा राहिला, आणि आयोवातली लग्नेही.

आणखी एक विचारायचे आहे. ‘मतदारांची इच्छा’ म्हणतात ती कोणत्या सालची? कॅलिफोर्नियात २००० साली बंदीला ६१ टक्के होते, २००८ साली ५२ झाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच राज्याच्या मतदारांनी सुमारे ६३ टक्के मतांनी प्रस्ताव आठचे शब्द घटनेतून पुसून टाकले. मेन राज्याने २००९ साली विधिमंडळाने दिलेला विवाहाचा हक्क मतदानाने काढून घेतला आणि २०१२ साली मतदानानेच परत दिला. आयर्लंडने २०१५ साली ६२ टक्के मतांनी दार उघडले. या मतदारांचे मी मनापासून अभिनंदन करते. मात्र त्यातून ‘मग कोर्टाची गरज काय होती’ असा निष्कर्ष काढू नये. लोकांची मने वळली ती पोकळीत वळली नाहीत. शेजारी राहणारी ती १८,००० जोडपी लोकांनी पाहिली. त्यांच्या घरात दिवा लागतो, दूध उतू जाते, भांडणे होतात, आजारपणे निघतात, हे पाहिले. आभाळ कोसळले नाही हे कळायला कोणाच्या तरी अंगणात आधी मांडव पडावा लागतो.

धर्माचा प्रश्न काढणाऱ्यांनाही एक सांगावेसे वाटते. २०१५ च्या निकालाने कोणत्याही चर्चवर असे लग्न लावण्याची सक्ती केलेली नाही. ज्याला ते पाप वाटते त्याला ते पाप म्हणण्याची, तसा उपदेश करण्याची पूर्ण मोकळीक आहे. सरकारी दप्तरात नोंद करायला मात्र सरकारने नाही म्हणू नये, इतकाच हुकूम. ‘मियाँ बीबी राजी, तो क्या करेगा काजी’ असे आपण हसतहसत म्हणतो. इथे काजी राजी होता. अडून बसले होते ते वऱ्हाडी, आणि तेही न बोलावलेले!

आपल्या देशात हा प्रश्न कोठे आहे तेही सांगून ठेवते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि अशा विवाहांचा कायदा करणे हे संसदेचे काम आहे. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे कोर्टाने आपल्याकडे ही गोष्ट लोकप्रतिनिधींवर, पर्यायाने तुमच्याआमच्यावर सोपवली. ज्यांना न्यायाधीशांच्या हस्तक्षेपाचा राग येतो त्यांना यापरते काय हवे? परंतु अधिकार आला की जबाबदारीही आली. उद्या तुमचा उमेदवार दारात येईल, या विषयावर तुमचे मत विचारील किंवा तुमचे मत गृहीत धरील. तेव्हा हो किंवा नाही म्हणण्यापूर्वी एवढेच स्वतःला विचारा, की माझ्या ‘नाही’ची किंमत माझ्या घरातून जाणार आहे की दुसऱ्याच्या?

लवकरच कार्ये सुरू होतील. मंगलाष्टके चालू असताना आपल्या मुठीत अक्षता असतात. त्या टाकायच्या की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. मन नसेल त्याने लग्नाला न जाण्याची मुभा आपल्या रीतीने कायमच दिलेली आहे. पण भर मांडवात उभे राहून ‘या लग्नाला किती जणांची हरकत आहे ते हात वर करून सांगा’ असे विचारणारा वऱ्हाडी मी आजवर एकाही लग्नात पाहिलेला नाही, आणि कोणी तसे विचारले असते तर वधूच्या मामाने त्याला दंडाला धरून बाहेर नेला असता. ओहायोत ते काम कोर्टाला करावे लागले.